खिडकीपलीकडचा कारकून

कचेरीच्या खिडकीशीं तास न् तास उभें राहून ज्यांनीं उतारे मिळविले, ती पिढी अद्याप आपल्या घरांत आहे. चिठ्ठीवर गांवाचें नांव व सर्व्हे नंबर लिहून द्यावयाचा. खिडकीपलीकडच्या कारकुनानें ती घेऊन आंत जावयाचें, दप्तर सोडावयाचें, पान शोधावयाचें, नक्कल उतरावयाची, आणि दैव अनुकूल असल्यास त्याच दिवशीं ती खिडकींतून बाहेर सरकवावयाची, हा क्रम त्या पिढीच्या अंगवळणीं पडला होता. आज वाकोल्याच्या आपल्या बिऱ्हाडांत बसून रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या गांवचा सातबारा घटकाभरांत पडद्यावर पाहतां येतो. तरुण मंडळींस यांत कांहींच नवल वाटत नाहीं आणि वृद्धांस हा सगळा चमत्कार वाटतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. खिडकी आहे, चिठ्ठी आहे, दप्तर आहे आणि कारकूनही आहे. मात्र हा कारकून आतां माणूस नसून एक आज्ञावली आहे. आणि त्याच्याशीं बोलावें कसें हें न उमगल्यामुळें चांगल्या सुशिक्षित घरांतूनही भलतेच निष्कर्ष काढले जाऊं लागले आहेत. अशाच एका निष्कर्षापायीं वाकोल्यांतील एका वृद्ध स्त्रीच्या हातून तिचा हक्क जावयाचा होता. ती हकीकत पुढें येईलच. परंतु ती नीट कळावी म्हणून आधीं या कारकुनाची ओळख करून घेणें अवश्य आहे.

ब्राउझरमध्यें आपण जें पान उघडतों, त्यांत सातबारा नसतो. त्यांत असतात त्या कोऱ्या चौकटी. राज्य सरकारच्या 'महाभूलेख' या संकेतस्थळाचें उदाहरण घेऊं. तेथें पूर्वीं प्रथम महसुली विभाग निवडावयाचा असे. राज्याचे असे विभाग सहा. मुंबई उपनगर आणि रत्नागिरी हे दोन्ही जिल्हे कोकण विभागांत येतात. मग जिल्हा, जिल्ह्यानंतर तालुका, तालुक्यानंतर गांव. रत्नागिरी म्हटलें कीं मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुक्यांचीं नांवें पुढें यावयाचीं, आणि त्यांतील एकावर बोट ठेवलें कीं त्या तालुक्यांतील गांवांचीं. अशा याद्या पानांत अगोदर छापून ठेवण्याचें कारण नसतें. आपण बोट ठेवतांच एक लहानशी चिठ्ठी दूरच्या सर्व्हरकडे जाते, तेथील आज्ञावली दप्तरास विचारते, आणि आलेलें उत्तर चौकटींत भरलें जातें. म्हणजे मुख्य प्रश्न विचारण्यापूर्वींच आपण नकळत दोन-तीन प्रश्न विचारून मोकळे झालेलों असतों.

येथेंच पहिली ठेंच लागते. वाकोल्यांत जन्म घालविलेल्या माणसास आपल्या गांवाचें नांव वाकोला आहे याबद्दल शंका कोठून असणार? तथापि येथील पुष्कळशा मिळकतींच्या कागदांवर गांव म्हणून 'कोले कल्याण', तालुका अंधेरी, असें लिहिलेलें असतें. पोस्टानें सांताक्रूझ पूर्व म्हणावें, पोलिसांनीं वाकोला म्हणावें, आणि भूमापनाच्या दप्तरानें कोले कल्याण म्हणावें, असा हा प्रकार आहे. जुन्या काळचा कारकून "वाकोला म्हणजे कोले कल्याणच ना हो?" असें विचारून चिठ्ठी दुरुस्त करी. नवा कारकून तसें विचारीत नाहीं. त्याच्या दप्तरांत जें नांव आहे तेंच त्यास ठाऊक.

आतां तो करतो काय, तें पाहूं. पान आणि दप्तर यांची प्रत्यक्ष गांठ कधींच पडत नाहीं व पडूं देऊंही नये. चौकटींत भरलेली माहिती सर्व्हरवर पोहोंचली कीं तेथील आज्ञावली ती वाचते. गट क्रमांकाच्या जागीं आंकडाच आहे ना, गांव निवडलें आहे ना, हें तपासते. मग दप्तरास समजेल अशा भाषेंत प्रश्न रचते. आलेल्या ओळी घेऊन त्यांस तक्त्याचा आणि मथळ्याचा पोशाख चढविते. आणि तें सजलेलें पान आपल्याकडे धाडून देते. आपल्या हातीं येतें तें तयार पान. तें आंतून उलगडून पाहिलें तरी ही आज्ञावली तेथें दिसावयाची नाहीं, कारण ती आपल्या यंत्रावर येतच नाहीं. ती तिकडेच आपलें काम आटोपून मोकळी होते. पानावरील वेडींवांकडीं अक्षरें ओळखून लिहावयास कां लावतात असें पुष्कळ जण त्रासून विचारतात. विचारणारा माणूस आहे, एखादें दुसरें यंत्र नव्हे, याची ती परीक्षा आहे. नाहींतर कोणीही एक यंत्र लावून एका रात्रींत अख्ख्या तालुक्याचे उतारे उपसून नेईल.

दप्तराच्या भाषेचें नांव एसक्यूएल. तींतील एक साधें वाक्य मराठींत असें होईल: 'खातेदाराचें नांव आणि क्षेत्र निवड, सातबाराच्या तक्त्यांतून, जेथें गांव अमुक आणि गट क्रमांक अमुक.' निवड, कोठून आणि जेथें, या तीन पदांस मूळ भाषेंत सिलेक्ट, फ्रॉम आणि व्हेअर म्हणतात. या वाक्याची एक खुबी पाहण्यासारखी आहे. काय हवें तें त्यांत सांगितलें आहे. तें कसें शोधावें हें सांगितलेलें नाहीं. कोणतें कपाट उघडावें, कोणता रुमाल सोडावा, हें ठरविणें दप्तराकडे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पुण्याच्या पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. त्यासाठीं त्यांस व त्यांच्या साहाय्यकांस हजारों रुमाल हातांनीं सोडावे लागले आणि मोडी अक्षर डोळ्यांनीं वाचावें लागलें. तेथें 'जेथें' म्हणावयाची सोयच नव्हती. अर्थात् कोणता कागद महत्त्वाचा, हा विवेक सरदेसायांपाशीं होता आणि या यंत्रापाशीं तो नाहीं, हेंही येथेंच नमूद करून ठेवतों.

या रचनेचा मूळपुरुष एडगर कॉड हा इंग्रज गणिती. अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनशाळेंत असतांना त्यानें जून १९७० मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशीं संबंध दोहोंत असलेल्या समान खुणेनें जुळवावा, असें त्याचें सांगणें होतें. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं त्यावर वरील प्रश्नभाषा बेतली. आम्हांस मात्र कॉड साहेबांचा निबंध समजावून घेतांना आपल्या तलाठ्याच्या दप्तराचीच आठवण झाली. गांव नमुना सात म्हणजे अधिकाराची नोंद आणि नमुना बारा म्हणजे पिकांची. दोन्ही एका कागदावर आल्या म्हणून सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफारांची वही, सहा-क म्हणजे वारसांची. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची त्या गांवांतील सगळी जमीन एकत्र दाखविणारी खतावणी. सातबारावर फेरफाराचा क्रमांक असतो, तो धरून नमुना सहाकडे जावें. खाते क्रमांक असतो, तो धरून आठ-अकडे जावें. हे नमुने ज्यांनीं आंखले त्यांस कॉडची अर्धी विद्या अगोदरच अवगत होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सूचि नसेल तर दप्तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक एक पाहत जाईल. सूचि असली तर शब्दकोशांत शब्द काढावा तसें तें नेमक्या ठिकाणीं उडी घेतें. पण सूचि ज्या क्रमानें केली त्याच क्रमानें ती उपयोगी. गट क्रमांकाच्या सूचीवरून नांव शोधणें म्हणजे शब्दकोशांत अर्थावरून शब्द शोधण्यासारखें आहे.

पानावरून दप्तरास प्रश्न विचारण्याची ही युक्ति वाटते तितकी अर्वाचीन नाहीं. ती जवळजवळ वेबच्याच वयाची आहे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या पदार्थविज्ञानाच्या संस्थेंत टिम बर्नर्स-ली यानें वेबची योजना १९८९ सालीं मांडली. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्डच्या कणवेगक केंद्राचा पॉल कुन्झ हा शास्त्रज्ञ सप्टेंबर १९९१ मध्यें त्यास भेटून परतला आणि त्याच डिसेंबरांत त्यानें आपल्या केंद्रांतील पदार्थविज्ञानाच्या निबंधांची सूचि वेबवरून विचारतां येईल अशी सोय केली. अमेरिकेंतील हा पहिला वेब-सर्व्हर, आणि त्याचें पहिलें काम दप्तरांत शोध घेण्याचें! या कामीं त्या केंद्राच्या ग्रंथपाल लुईझ ॲडिस यांचा उत्साह मोठा होता, हें ग्रंथालयांत काम करणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस वाचून संतोष होईल. पुढें १९९३ सालीं इलिनॉय येथील संस्थेंत सर्व्हरनें आज्ञावलीशीं कसें बोलावें याचे सीजीआय नांवाचे नियम ठरले. त्या रीतींत प्रत्येक चिठ्ठीमागें एक नवा कारकून नेमावयाचा आणि चिठ्ठी निकालांत निघतांच त्यास काढून टाकावयाचा, असा उधळपट्टीचा कारभार होता. मग कायमच्या कारकुनांच्या पद्धती आल्या. रासमुस लेरडॉर्फ यानें स्वतःच्या पानासाठीं केलेलीं हत्यारें १९९५ सालीं पीएचपी या नांवानें सर्वांस खुलीं करून दिलीं, तीं आजही जगभर चालतात. आपल्याकडे सर्वसामान्यांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें. पण वाकोल्याच्या रुळांपलीकडे, जुहूस, एनसीएसटी नांवाच्या राष्ट्रीय केंद्रांतून पवईच्या आय.आय.टी.शीं टेलिफोनच्या तारेवरून ई-पत्रव्यवहार त्यापूर्वीं कित्येक वर्षें, १९८० नंतरच्या दशकांतच, सुरू झाला होता. उपनगरांत राहणारांस आपला शेजार कित्येकदां ठाऊक नसतो तो असा.

विचारणें एक आणि बदलणें निराळें. गणपतीसाठीं कोकण रेल्वेची शेवटची एक जागा उरली आहे, आणि वाकोल्यांतील एक व दादरची एक अशीं दोन कुटुंबें एकाच क्षणीं तिच्यावर बोट ठेवीत आहेत, असें समजा. दोघांसही पडद्यावर 'एक जागा शिल्लक' असें दिसणार, आणि दोघांसही तें खरेंच दिसणार. पण जागा देतांना दप्तर ती ओळ क्षणभर कुलुपांत घालतें. पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसरा बाहेर थांबतो, आणि त्यास आंत घेतलें जातें तेव्हां जागा नसते. पुष्कळ लोक यास लबाडी समजतात. ती लबाडी नव्हे; पाहिलें तें मिळालेंच पाहिजे असा नियम नाहीं, इतकेंच. आणि पैसे कापले जाऊन तिकीट न मिळणें ही जी आपत्ति येते, ती दोन निरनिराळ्या दप्तरांचे, बँकेचे आणि रेल्वेचे, व्यवहार एकाच वेळीं पुरे न झाल्याची.

आतां नांवांकडे येऊं. मौज आणि अनर्थ दोन्ही तेथेंच आहेत. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, तो अक्षरास दिलेला आंकडा ओळखतो. जगांतील लिपींस असे आंकडे देणारी युनिकोड नांवाची पद्धति १९९१ सालीं आली आणि तींत देवनागरीस आरंभापासून स्थान मिळालें. त्यापूर्वीं प्रत्येक टंकाचे आंकडे निराळे होते, त्या मानानें हें मोठेंच सुख झालें. पण मराठीचे कांहीं खोडकर कोपरे राहिलेच. कऱ्हाड, वऱ्हाड या शब्दांतील आडवा 'ऱ' घ्या. तो दोन रीतींनीं लिहितां येतो: मुळांत निराळें अक्षर असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह ठेवून. कागदावर दोहोंत केसाचा फरक नाहीं. आंकड्यांत मात्र तीं दोन निरनिराळीं नांवें आहेत. एका रीतीनें लिहिलेला 'कऱ्हाडे' दुसऱ्या रीतीनें लिहिलेल्या 'कऱ्हाडे'स ओळख देत नाहीं. एकाच घरांतले दोघे भाऊ रस्त्यांत भेटावे आणि मान वळवून निघून जावे, तसें! आज्ञावली लिहिणारानें दप्तरांत भरतांना आणि प्रश्न विचारतांना दोन्ही रूपें एकाच वळणावर आणलीं तर हा दोष राहत नाहीं. पण हें ध्यानांत यावयास लिहिणारास मराठी यावी लागते, किंवा निदान मराठी येणाऱ्या माणसास विचारण्याची बुद्धि तरी व्हावी लागते.

याखेरीज कुलकर्णी आणि कुळकर्णी आहेतच. आणि आम्ही जुन्या वळणाचे लोक 'गांव' आणि 'नांव' यांवर अनुस्वार देतों, ते तरी यंत्रास कोठें मानवतात? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं ते अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हांपासून कागदोपत्रीं 'गांवकर' आणि 'गावकर' अशीं एकाच माणसाचीं दोन आडनांवें झालीं आहेत. गं. भा., श्रीमती, उर्फ, कै. हीं उपपदें नांवाच्याच चौकटींत भरलेलीं असलीं म्हणजे पाहावयासच नको. एकाच वेळीं दोन-चार रूपांनीं शोधावें, पुरें नांव न घालतां आरंभींचीं कांहीं अक्षरेंच घालून पाहावें, आणि जुन्या पावतीवर गट क्रमांक असेल तर नांवाच्या नादीं न लागतां सरळ तोच विचारावा, हा आमचा व्यावहारिक सल्ला आहे. आंकड्यास शुद्धलेखन नसतें.

दुसरी गोष्ट घरांत पानें तयार करणाऱ्या मुलांसाठीं. वाकोल्यांत काय आणि इतरत्र काय, हल्लीं पुष्कळ गृहनिर्माण संस्थांचे हिशेब, सभासदांचे दूरध्वनी क्रमांक, भाडेकरूंचीं नांवें अशा एखाद्या पानामागच्या दप्तरांत असतात, आणि तें पान कोणा सभासदाच्या हुशार मुलानें मे महिन्याच्या सुट्टींत बनवून दिलेलें असतें. मुलाचें कौतुक अवश्य करावें. पण त्यास एक प्रश्न विचारावा: चौकटींत लिहिलेला मजकूर तूं प्रश्नाच्या वाक्यांत तसाच चिकटवितोस काय? चिकटवीत असेल तर घात आहे. कल्पना करा कीं कारकुनानें 'अमुक नांवाच्या माणसाचा उतारा काढ' असें वाक्य छापून ठेवलें आहे आणि 'अमुक'च्या जागीं चिठ्ठीवरील शब्द तो डोळे मिटून उतरून घेतो. कोणी चिठ्ठीवर 'रामचंद्राच्या किंवा वाटेल त्या' असें लिहिलें तर वाक्य होईल, 'रामचंद्राच्या किंवा वाटेल त्या नांवाच्या माणसाचा उतारा काढ', आणि सगळें दप्तर खिडकीबाहेर येईल. 'रामचंद्राचा उतारा काढ, मग कपाट जाळ' असेंही लिहिणारे निघतात. ही क्लृप्ति १९९८ च्या डिसेंबरांत एका हॅकर-मासिकांत छापून आली, आणि इतकीं वर्षें लोटलीं तरी तिचे बळी संपलेले नाहींत. वास्तविक तोड अगदीं सोपी आहे. प्रश्नाचें वाक्य अगोदरच पुरें करून दप्तराच्या स्वाधीन करावें, त्यांत नांवासाठीं एक रिकामी जागा ठेवावी, आणि त्या जागेंत जें येईल तें केवळ नांव समजावें, आज्ञा कदापि समजूं नये, असा नियम घालावा. सर्व प्रचलित पद्धतींत याची सोय आहे. शिवाय पानाच्या कारकुनास दप्तर वाचण्यापुरतीच किल्ली द्यावी. पुसण्याची देऊं नये. स्वयंपाक्यास कोठीघराची किल्ली देतात, तिजोरीची देत नाहींत, हें आपल्या आजींस कोणी शिकविलें नव्हतें.

आतां ती हकीकत. वाकोल्यांतील एका जुन्या इमारतींत आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब राहतें. दोन चुलत घरें, एक सामाईक देवघर, आणि ऐंशीच्या घरांतल्या एक आत्याबाई, ज्या लवकर वैधव्य आल्यावर माहेरीं आल्या त्या येथेंच राहिल्या. मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांत. गांवीं थोडी भातजमीन, थोडें माडांचें आगर होतें असें सर्व ऐकून होते. आणि १९४८ च्या कूळकायद्यांत व त्यानंतर १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनीं तें सगळें गेलें असेंही सर्व ऐकून होते. कोकणांतल्या पुष्कळ घरांचा हाच इतिहास असल्यामुळें कोणी अधिक चौकशी केली नाहीं. दोन वर्षांमागें गांवाकडून एका दूरच्या नातलगाचा निरोप आला कीं कांहीं किरकोळ कागद पुरे करावयाचे आहेत, तेव्हां आत्याबाईंचें हक्कसोडपत्र करून द्यावें. घरच्या मुलांनीं फोनवर आडनांव घालून पाहिलें. त्या आडनांवांत आडवा 'ऱ' आहे. उत्तर आलें: नोंद सापडली नाहीं. "आहेच काय तेथें? द्या सही करून," असें वडील पुतण्यानें सांगितलें, आणि आत्याबाईंनींही चष्मा शोधावयास सुरुवात केली.

आमचें म्हणणें आहे तें याच ठिकाणीं. 'नोंद सापडली नाहीं' या वाक्याचा अर्थ 'जमीन नाहीं' असा होत नाहीं. त्याचा अर्थ इतकाच कीं या अक्षरांनीं, या चौकटींत, या गांवाखालीं विचारलेल्या प्रश्नास शून्य ओळी जुळल्या. यंत्रानें असत्य सांगितलें नाहीं. त्यास दुसरें कांहीं विचारलेंच नव्हतें. जुना कारकून अशा वेळीं मान वर करून "आजोबांच्या नांवानें पाहूं काय?" असें म्हणाला असता. कधीं म्हणे, कधीं न म्हणे, आणि कधीं त्यासाठीं कांहीं अपेक्षाही धरी, हेंही खरें. गत काळ फार गोड करून सांगण्याची आमची इच्छा नाहीं.

त्या घरची धाकटी सून बँकेंत नोकरीस आहे. सही उद्यांवर ढकलून तिनें सासऱ्यांच्या ट्रंकेंतून शेतसाऱ्याची एक जुनी पावती काढली, तिच्यावरील क्रमांक शोधून काढला, नव्या गट क्रमांकाशीं त्याचा मेळ गांवीं फोन करून जुळवून घेतला, आणि आडनांवाच्या ऐवजीं तो आंकडा विचारला. सातबारा समोर उभा राहिला. सगळी जमीन नव्हे, पण माडांचें आगर तेथें होतें, आणि खातेदार म्हणून दिवंगत थोरल्या काकांचें नांव होतें. नांवापुढें तीन अक्षरें होतीं: ए. कु. मॅ.

तरुण मंडळींनीं ही त्यांची एखादी पदवी असावी असा तर्क केला. वस्तुतः तीं 'एकत्र कुटुंब मॅनेजर' यांचीं आद्याक्षरें आहेत. एका काळीं एकत्र कुटुंबाच्या जमिनीस सर्वांचीं नांवें न लावतां कर्त्या पुरुषाचें एकट्याचें नांव लावीत, आणि तो स्वतःपुरता मालक नसून सर्वांच्या वतीनें व्यवस्था पाहतो हें या तीन अक्षरांनीं दर्शवीत. पुढें कर्ता वारला, घरें विभक्त झालीं, आणि हीं अक्षरें मात्र निःशब्द बसून राहिलीं. पुष्कळ ठिकाणीं थोरल्याच्या मुलांस जमीन आपलीच वाटूं लागली ती यामुळें. आपल्या घरच्या उताऱ्यावर हीं अक्षरें असतील तर त्यांकडे दुर्लक्ष करूं नये. मृत खातेदारांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्यासाठीं सरकारनें २०२५ सालीं 'जिवंत सातबारा' नांवाची मोहीम काढली, तिचें कारण अशीं मृतांच्या नांवावर राहिलेलीं खातीं हेंच होतें. महसुली नोंद ही स्वतः मालकी देत नाहीं, हें न्यायालयांनीं पुनःपुन्हां सांगितलें आहे. परंतु विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती खरी धरली जाते, आणि तेवढ्यावर कित्येकांचें आयुष्य निघून जातें.

सातबारावर फेरफाराचा क्रमांक होता. जुने फेरफार आतां यंत्रानें छायाचित्रें काढून ठेवलेले आहेत. येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. छायाचित्र म्हणजे दप्तरांतील ओळ नव्हे. गांव, कागदाचा प्रकार आणि क्रमांक सांगितला तर आज्ञावली तें चित्र आणून देईल. पण चित्रांत काय लिहिलें आहे हें तिला ठाऊक नसतें, आणि त्यांतील शब्दांवर प्रश्न विचारतां येत नाहीं. तें वाचावयास डोळेच लागतात.

तें चित्र आलें तेव्हां कारकुनी वळणाचें धावतें अक्षर मुलांस लागेना. शेवटीं नातवानें पडदा मोठा करून आत्याबाईंपुढें धरला. १९६२ सालची नोंद होती. खातेदार मयत, वारस मुलगे तीन, वडील मुलगा ए. कु. मॅ.; आणि खालीं शेऱ्याच्या रकान्यांत बारीक अक्षरांत: 'मुलगी एक, लग्न झालेलें, नांव दाखल करण्याचें कारण नाहीं.' आत्याबाईंनीं तें एकदां मनाशीं वाचलें आणि एकदां मोठ्यानें वाचून दाखविलें.

कारण नव्हतें असें नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी ही बापाच्या मिळकतीची पहिल्या वर्गाची वारस झाली होती. ती नोंद लिहिली गेली तेव्हां तो कायदा सहा वर्षांचा होता. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतःच हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्रानें २००५ सालीं दिला. आणि ९ सप्टेंबर २००५ रोजीं पिता हयात असो वा नसो, तो हक्क मुलीस आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. आत्याबाईंचा हिस्सा नेमका किती, हें वकील पाहत आहेत. शेऱ्याच्या रकान्यांतील तें वाक्य कोणत्याही चौकटींत कोणताही शब्द घालून सांपडलें नसतें, आणि नातलगाच्या निरोपांत त्याचा उल्लेखही नव्हता.

हक्कसोडपत्राचा मसुदा परत गेला. वारसनोंदीचा अर्ज ई-हक्क पद्धतीनें घरूनच भरला; तो तलाठ्याकडे, म्हणजे आतां ज्यास ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांव मिळालें आहे त्याच्याकडे, पोहोंचल्याची पोंच आली आहे. अर्जांत आत्याबाईंचें नांव सासरच्या आडनांवानें घालावें कीं माहेरच्या, यावर घरांत दोन दिवस चर्चा झाली. शेवटीं दोन्ही घातलीं, आणि आडवा 'ऱ' सुनेनें स्वतः तपासून घेतला. वडील पुतण्याची संमतिपत्रावरील सही अद्याप व्हावयाची आहे.